मोज्यातल्या बाटल्या

वहिनी, कधी आलात अकलूजहून? काल रात्रीच? मग भाऊजींनी शनिवारचं सगळं सांगितलंच असेल. काय सांगितलं ते आधी तुम्ही सांगा, मग मी तोंड उघडते.

सहापैकी चार ओळखल्या म्हणाले? चार! थांबा, एवढी चादर दोरीवर टाकते नि येते.

हां. तर पहिल्यापासून ऐका. आमची लेक नि जावई तुरीनहून आलेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. विहीणबाईही दोन महिने तिकडे राहून त्यांच्याबरोबरच परतल्या. आता बाहेरून येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू आणता येते, म्हणजे दोनच बाटल्या. जावयाला आणायच्या होत्या पाच. मग काय, एक गेली विहीणबाईंच्या बॅगेत. एक एकादशी न चुकवणारी बाई, साड्यांच्या घडीत बारोलो गुंडाळून विमानतळावर उतरली! वर मला म्हणते, ‘अहो, जड होतं हो द्राक्षासव.’

आल्या आल्या जावयाने फर्मान काढलं, ब्लाइंड टेस्टिंग करायचं. म्हणजे बाटल्या झाकायच्या, नाव-गाव-किंमत काही कळू द्यायचं नाही, प्यायची ती नुसत्या जिभेवर. आम्ही आठ माणसं. यांचे बँकेतले मित्र नि त्यांच्या मिसेस, समोरच्या डॉक्टरीणबाई, तुमचे भाऊजी, आणि आम्ही चौघं. बाटल्या झाकायला लेकीने यांचे ऑफिसचे काळे मोजे काढले. धुतलेले होते हो! तोंडावरचा कागद तिने अख्खा सोलून काढला, कारण त्याच्यावरही नाव असतं. बुचंसुद्धा मोजून खिशात टाकली, त्यांच्यावरही छापलेलं असतं म्हणे. मला वाटलं, एवढी खबरदारी कुणासाठी? सगळी घरचीच तर माणसं.

कुणासाठी ते दहा मिनिटांत कळलं. मी स्वयंपाकघरातून ग्लास घेऊन येते तर भाऊजी टेबलाशी एकटेच, आणि एका मोज्यावरून हात फिरवतायत. असे, खांद्यापाशी, डोळे मिटून. मी म्हटलं, काय शोधताय? तर म्हणतात, ‘थंड झालीय का बघतोय.’ खरा प्रकार काय, तर बारोलो जिथली, त्या अल्बाच्या भागातले लोक आपल्या वाईनसाठी एक खास बाटली वापरतात. जुनी पद्धत होती, मागे पडलेली, ती 1973 मध्ये तिथल्या काही जणांनी एकत्र येऊन पुन्हा सुरू केली. तिच्या खांद्यावर काचेतच उठावाची अक्षरं असतात, ‘अल्बेईसा’ अशी. मोज्यातूनही बोटाला लागतात! आणि भाऊजींनी दुपारी जावयाकडून हे सगळं गोडगोड बोलून काढून घेतलेलं. आता सांगा, चारमधली एक तर तिथेच वजा झाली की नाही?

लेकीने मग मोजेच रद्द केले. आत जाऊन सहाही वाइन्स ताकाच्या स्टीलच्या जगांत ओतल्या आणि जगांना एक ते सहा नंबर दिले. मी म्हणते, पहिल्यापासूनच असं करावं. बाटलीचा आकारसुद्धा चुगली करतो. एखादी उंच खांद्याची, एखादी उतरत्या खांद्याची, आणि पाहणारा आधीच मनात खूणगाठ बांधतो. शिवाय ओतल्यामुळे वाईनला हवा लागते, तिचा आयता फायदा.

नियम तर एवढे की बोर्डाच्या परीक्षेत नसतील. अत्तर लावायचं नाही. डॉक्टरीणबाई मोगऱ्याचा गजरा माळून आल्या होत्या, तो उतरवून फ्रीजमध्ये ठेवायला लावला. यांनी संध्याकाळची उदबत्ती लावली होती, तीही विझवली. बँकवाल्यांनी येताना कौतुकाने अर्धा किलो बाकरवडी आणलेली, ती मी डब्यात घालून वर चढवली, कारण तिखट खाल्लं की तुरटपणा नि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. नुसता पाव आणि पाणी. चीजही चिठ्ठ्या गोळा होईपर्यंत बंद, त्याने तुरटपणा दबतो आणि सगळ्याच वाइन्स गुणी वाटायला लागतात. आणि ती ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी’ असं जो तो म्हणतो ना, ती रूम त्यांची, थंड दगडी घरातली. तिला सोळा ते अठरा अंश लागतात. आपल्याकडे मार्चात कुठून आणणार? अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली तेव्हा कुठे जमलं.

आणि थुंकायचं! हो, थुंकायचं! मधोमध एक पातेलं ठेवलेलं. सहा वाइन्स, प्रत्येकी पन्नास मिली, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात तीनशे मिली जाणार. चौथ्या जगापर्यंत माणूस शुद्धीत राहील, पण त्याच्या मताचं काय? म्हणून चव घ्यायची, तोंडात फिरवायची नि थुंकायची. इमानाने थुंकल्या फक्त डॉक्टरीणबाई. बाकीच्यांना पैसे आठवत होते.

पण सगळ्यात कडक नियम कुठला, तर चिठ्ठी लिहून होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मला आधी हसू आलं. मग कळलं, यातच सगळी मेख आहे. कारण आपले बँकवाले! पहिला घोट घेतला नि ‘अंहं’ असं नाकातून काढलं. झालं, दोघांनी लगेच लिहिलेलं खोडलं. तोंड बंद होतं, पण भुवया चालूच. लेकीने त्यांना शेवटी भिंतीकडे तोंड करून बसवलं. मोठ्या पदावर राहिलेला माणूस, बसला बिचारा.

आता पाचवा जग. रंग एकदम फिका. कडेला तर विटकरीच. वास घ्यावा तर काही सापडत नव्हतं, मला तरी. पण घोट घेतला नि वहिनी, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळून येते, तस्सं झालं. सालीतलं नि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन धरतं, त्याने तोंड कोरडं पडतं असं जावई नंतर म्हणाला. मी निमूट सहावा नंबर दिला, म्हणजे शेवटचा. मार्क नव्हते हो, नुसता आवडीचा क्रम लावायचा होता, आणि तेच बरं. विसापैकी साडेतेरा की चौदा यावर माणसं उगाच अर्धा तास घालवतात.

लिहून झालं तशी चिठ्ठ्यांची वाचनं सुरू झाली. बँकवाल्यांनी पाचव्या जगाबद्दल लिहिलेलं, ‘पाणचट रंग, स्वस्त माल, कुणीतरी फसवलंय.’ आणि त्यांच्या मिसेसनी काय लिहिलं असेल? तुम्ही त्यांना ओळखता ना, भिशीला येतात तरी कोपऱ्यात बसतात. त्यांनी लिहिलं होतं, ‘गुलकंद. आणि नवीन रस्त्याच्या डांबराचा वास. तोंड तुरट झालं, पण परत घ्यावीशी वाटली. पहिला नंबर.’ बँकवाले असे हसले म्हणता! ‘अगं, वाईन आहे, पीडब्ल्यूडी नाही,’ असं म्हणाले सगळ्यांदेखत. ती बिचारी पदराशी चाळा करत बसली.

आणि लेकीने बाटली आणून पुढ्यात ठेवली. बारोलो! सगळ्यांत महागातली. नेब्बियोलो नावाच्या एकाच द्राक्षाची, अल्बाजवळच्या अकरा गावांतलीच, कापणीपासून अडतीस महिने मुरल्याशिवाय विकायचीच नाही असा कायदा, त्यातले अठरा महिने लाकडात. आणि जावई म्हणाला, जगभरच्या पुस्तकांत बारोलोची ओळख कशी देतात ठाऊक आहे? गुलाब आणि डांबर! अगदी तेच दोन शब्द. रंग फिका असणं ही त्या द्राक्षाची जातच, त्यावरून मोल करायचं नसतं. वहिनी, बँकवाल्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पातेल्याकडे बघत राहिले. मिसेस काहीच बोलल्या नाहीत, फक्त ग्लास पुढे केला, अजून थोडी द्या म्हणून. मला तर इतका आनंद झाला म्हणून सांगू!

एकंदरीत पहिली कुठली आली विचाराल तर आमारोने. ती व्हेरोनाकडची. द्राक्षं कापली की तीन-साडेतीन महिने वाळत घालतात, निम्म्याला जरा कमी वजन उडून जातं, मग चिरडतात. साहजिकच दाट, किंचित गोडसर, आणि पंधरा-सोळा टक्क्यांची. म्हणून तिला मुद्दाम शेवटी ठेवलेली, आधी दिली असती तर बाकीच्या पाण्यासारख्या लागल्या असत्या. माझं मत विचाराल तर ती पहिली यायला चवीपेक्षा तिचा कडकपणा जास्त कारण. सगळे खुशीत आलेच होते.

दुसरी आली ती मात्र गंमत. आब्रुत्सो भागातली मोन्तेपुल्चानो, जावयाने तिथल्या सुपरमार्केटात सहा युरोंना उचललेली. गडद रंग, मऊ, कुणाला टोचत नाही. नाव ऐकल्याबरोबर बँकवाले सावरले. म्हणाले, ‘मी गेलोय मोन्तेपुल्चानोला, टेकडीवरचं गाव आहे.’ जावयाने हळूच सांगितलं, काका, ते गाव तस्कनीतलं, आणि त्या गावची वाईन होते सान्जोवेझेची. हे द्राक्ष वेगळं, नाव तेवढं सारखं. पुन्हा पातेल्याकडे बघितलं त्यांनी.

मग त्यांची बाजू राखायला जावयाने एक किस्सा सांगितला. समुद्राकाठच्या बोल्गेरी गावाजवळ सासिकाया नावाची वाईन करतात, फ्रेंच द्राक्षाची. इटलीच्या नियमांत तिथे तसल्या लाल वाईनला जागाच नव्हती, म्हणून कागदोपत्री ती साधी रोजच्या जेवणातली वाईन. 1978 मध्ये लंडनला झाकून चव घेतली, तर तिच्या 1972च्या बाटलीने नामवंतांना मागे टाकलं. आणि सरकारला तिथल्या लाल वाईनसाठी नियम करायला 1994 उजाडलं. तेव्हा चिठ्ठ्या चुकतात, सरकारंही चुकतात, काका, असं म्हणाला. पोरगं गुणी आहे. बार्बेरा नि कियांतीचं काही विशेष झालं नाही. बार्बेरा फार आंबट म्हणून सगळ्यांनी पाडली, मला आवडली होती. जेवणाबरोबर तीच चालली असती.

भाऊजींचं राहिलंच की! सहावी बाटली. पाच तिकडून आलेल्या, मग सहावी कुठली? अहो, तुमच्या माहेरची! अकलूजची. उसाच्या पट्ट्यात इटालियन भावांनी मोहिते-पाटलांबरोबर द्राक्षमळे उभे केले, तस्कनीतला पिएरो मासी वाईन करायला येतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत मागे. त्यांची सान्जोवेझे आमच्या ह्यांनी गुपचूप आणून कियांतीच्या शेजारी लावली. कियांती क्लासिकोतही ऐंशी टक्के तरी तेच द्राक्ष. म्हटलं, बघू कुणाला नातं लागतं. आणि अकलूजच्या जावयाने काय लिहावं? ‘कडक उन्हातली आहे, सिसिलीची असणार.’ मी तर पोट धरून हसले. पण आमचा जावई म्हणाला, काकांचा तर्क चुकलेला नाही, ऊन तर बरोबर ओळखलंय, नकाशा तेवढा चुकला. तेव्हा अर्धा मार्क द्या हवं तर. चाचपलेली बारोलो धरून दीड. चार कुठून आणले त्यांनी, विचारा तुम्हीच.

नाही, आत्ता नका विचारू. माझं नाव येईल. त्यापेक्षा ऐका, पोरं जायच्या आधी पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरतंय. या खेपेला एकाच द्राक्षाच्या चार, नुसत्या सान्जोवेझे. उरलेल्या कोट्यात विहीणबाईंकडून आलेली एक ब्रुनेल्लो आहे, बाकीच्या इथेच मिळवू. बँकवाल्यांच्या मिसेसना मी आधीच फोन करून टाकलाय, त्या एकट्या आल्या तरी चालेल म्हटलं. तुम्ही या. गजरा नको, नि जेवून येऊ नका. द्राक्षाचं मात्र भाऊजींना सांगू नका, नाहीतर आठवडाभर मोबाइलवर वाचून येतील.