पिवया स्कूटरवरचा रेमो

वहिनी, ओ वहिनी! या न जरा भिंतीपाशी. राहू द्या तो पाइप कुलरमंधी, टाकी काय पयून जाते?

काल रात्री तुमच्या पोट्ट्यानं गच्चीवर गिटार काढली, तं आमचे हे पयले लय चिडले. झोपू देते का नाही म्हने हा! अन् दोन मिनिटानं याइचाच पाय हालू लागला. 'प्यार तो होना ही था' वाजवत होतं पोट्टं. मी इचारलं, कोनाचं गानं आहे हो हे? तं म्हनतात, अजय देवगणचं. आता बोला! थो कधी गायला बाप्पा?

रेमो फर्नांडिस गायला थे. संगं जसपिंदर नरुला. 1998 चा पिक्चर. तिले त्या गान्यावर फिल्मफेअर भेटलं, अन् याचं नावबी आमच्या घरात कोनाले ठाव नाही. मले कसं ठाव? भाचा राह्यते न आमचा पणजीले, त्यानं पुस्तक आनून देल्लं. रेमोनंच लिहेल आहे स्वतःवर, 2021 मंधी आलं. भरदुपारी अकोल्यात घराबाहेर कोन निंगते? बसलो वाचत.

पणजीचा जल्म, 1953 चा. घरानं शिवोलीचं. गोवा पोर्तुगालपासून सुटला तवा हा आठ वर्साचा. मंग मुंबईले, जे. जे. मंधी आर्किटेक्ट झाला. आपल्याकडं असं शिकेल पोरगं असतं तं राऊतवाडीपासून रामदासपेठेपर्यंत स्थयं आली असती न! हा गिटार घेऊन युरोपात गेला. रस्त्यावर अंगठा दाखवाचा, जो गाडीत घेईन त्याच्यासंगं जाचं. तिकडून आफ्रिकेच्या वरच्या अंगालेबी जाऊन आला. अन् वापस आला तं मुंबईत नाही, सीधा शिवोलीले.

गानी त्याचीच, चालबी त्याचीच. गोव्याच्या मातीतली, पन गिटारीवरची अन् इंग्रजीतली. कंपनीवाल्याईले थे नको होतं. मंग या बाबानं घरीच कॅसेट केली, 1984 मंधी, 'गोअन क्रेझी'. चार पट्ट्याची मशीन. एका पट्टीवर गिटार भरली, टेप मांगं नेली, कानाले लावून आयकत दुसरीवर आनखी काही, मंग बासरी, मंग गया. तीन पट्ट्या भरल्या का त्या मियून चौथीवर उतरवाच्या, म्हंजे बाकीच्या मोकया. अन् तवा एखादा सूर जास्तीचा झाला तं झाला, मंग मांगचं काही सुदरत नाही. आपल्या कुरोडीच्या चिकासारखं आहे थे, घोटतानी गाठी झाल्या का झाल्या. कव्हरबी त्यानंच काढलं. अन् कॅसेटा घेतल्या, पिवया स्कूटरवर बसला, दुकानोदुकानी देत फिरला. ना अडत्या, ना दलाल. दुसऱ्या सालीच गोव्याच्या जुन्या गान्याइची कॅसेट आनली, 'ओल्ड गोअन गोल्ड'. शाम बेनेगलच्या 'त्रिकाल'मंधीबी दिसला.

मले इचाराल तं त्याची सारी हिंमत त्या स्कूटरीतून आली. पंतप्रधान राजीव गांधी गोव्याले आले, तवा सरकारी कार्यक्रमात यानं त्याइच्या तोंडावरच गानं म्हटलं, त्याइलेच नाव घेऊन, गोव्यात काय काय बिघडलं थे सांगत. लोकं भडकले, पेपरात छापून आलं. अन् राजीव गांधीनं पत्र धाडलं, गानं आवडलं म्हून! ज्याले कंपनीची भाकर खा लागते थो असं गाईन काय, सांगा.

आनखी पिक्चरबी आले. 'जलवा' 1987 चा, नसीरुद्दीन शाहचा. मंग रहमानचं 'हम्मा हम्मा'. थे तं तुमच्याच लग्नाच्या व्हिडिओत आहे, नाही म्हनू नका. 2007 मंधी पद्मश्री भेटली.

अन् आता जरा जवय या. त्यानं पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं. गोव्यात 1961 च्या आंदी जल्मलेल्याले घेता येते म्हने. लोकं तुटून पडले, पद्मश्री इकडची अन् पासपोर्ट तिकडचा! आता आपल्या गल्लीत पोराचं ग्रीन कार्ड आलं तं कोन पेढे वाटत फिरलं, नाव नाही घेत मी. तुमीबी दोन खाल्ले, मीबी खाल्ले. पन रेमोनं केलं का वाईट.

बरं, ज्याच्यासाठी बलावलं थे राह्यलंच. तुमच्या पोट्ट्यानं स्वतःचं गानं केलं आहे. हो! वऱ्हाडीत, राजराजेश्वराच्या कावडीवर. तुमाले नाही सांगतलं न? मले आयकवलं परवा, गच्चीवरून. मधातलं कडवं जरा लांबलं, तसं त्याले सांगतलं मी. गांधीग्रामहून पानी आनेपर्यंत कावडवाले थकत नाहीत, मी थकलो म्हटलं. हासलं पोट्टं. पन चाल सकायपासून तोंडातून जात नाही माझ्या.

मी सांगतलं म्हून सांगू नका बरं त्याले.