मुदत संपली, खुर्ची सुटेना

जानेवारी १९७५. जबलपूरची लोकसभा पोटनिवडणूक. सेठ गोविंददासांच्या निधनाने रिकामी झालेली ही जागा काँग्रेसची हक्काची. मतदारांनी मात्र जयप्रकाशांचा पाठिंबा असलेल्या २७ वर्षांच्या शरद यादवांना निवडून दिलं. पाच महिन्यांत आणीबाणी आली आणि जबलपूरचा खासदार गजाआड गेला.

मग जबलपूरच्या वतीने दिल्लीत बोलत कोण होतं?

त्या लोकसभेला मतदारांनी १९७१ मध्ये पाच वर्षं दिली होती. मार्च १९७६ मध्ये ती भरली. सभागृहाने काय केलं? स्वतःलाच एक वर्ष वाढवून दिलं. पुढे आणखी एक. भाडेकरूनेच करार वाढवावा आणि घरमालकाला विचारूही नये, तसं.

राज्यघटनेत तशी सोय आहे, कबूल. पण कायद्यात बसलं म्हणजे मतदाराने होकार दिला?

दोघांनी राजीनामे दिले. जबलपूरचे यादव आणि बिहारमधल्या बांक्याचे खासदार, आपल्या पुण्याचे मधु लिमये. दोघेही तुरुंगात. मुद्दा साधा: मुदत संपली, खासदारकी संपली.

ज्यांना सभागृहाची पायरी चढू दिली नाही, त्यांनीच सभागृहाची मर्यादा पाळली.

त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. खटल्याचं नाव एडीएम जबलपूर.

प्रतिनिधी कोठडीत, न्यायालयाचं दार बंद, निवडणूक लांबणीवर. लोकेच्छा शोधायची कुठे?

जुनी गोष्ट वाटते? मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांचं राज्य. अर्थसंकल्प मंजूर झाले, रस्ते खोदले गेले. मुंबईच्या २२७ प्रभागांत जाब विचारायला एकही नगरसेवक नव्हता.

ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, खटले. कारणं खरी होती. पण इतकी वर्षं?

घटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी महापालिकेची निवडणूक पूर्ण व्हायलाच हवी. ती तारीख चुकवणाऱ्याला शिक्षा काय, हे मात्र तिथे लिहिलेलं नाही.

ते आधी लिहा.