पन्नास परस पाणी

मुलानं पुण्याहून घड्याळ आणलं. डबा उघडल्यावर मला वाटलं, पंपाचा एखादा सुटा भाग असावा. बोटभर जाड पोलाद, कडेला दाते आणि तबकडीवर लिहिलेलं : 200 मीटर. "बाबा, पाणबुड्यांचं आहे," तो म्हणाला. केममध्ये राहून मी आजवर पाणबुडा पाहिलेला नाही. आमच्या जवळचं मोठं पाणी म्हणजे उजनी, आणि तिच्या भिंतीची उंची 56 मीटरच्या आसपास. तशा तीन भिंती एकावर एक रचून पाणी भरलं तरी घड्याळ तळाशी टिकटिकत राहील. मनगटाचं काय होईल, ते हमीपत्रात नाही.

या कुळाचा एक मूळपुरुष 1953 सालचा. स्विस कंपनी ब्लांपेन, घड्याळाचं नाव 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे सहा फूट. विहीर परसात मोजणाऱ्यानं ते सरळ 'पन्नास परस' असं वाचावं. कंपनीचे प्रमुख झां-जाक फिश्टर स्वतः बुडी मारायचे. एकदा पाण्याखाली वेळेचं भान राहिलं नाही, हवा संपली आणि ते जेमतेम वर आले. त्यांना असं घड्याळ का हवंसं वाटलं, हे वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात आवडते ती दात्यांची कडी. बुडी मारताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की किती वेळ गेला ते कळतं. आता ही कडी एकाच बाजूला फिरते. धक्का लागून सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दाखवील, कमी कधीच नाही. माझी आई अगदी अशीच होती. सातची गाडी ती साडेसहाची म्हणून सांगायची. स्टेशनावरच्या बाकावर आमचं निम्मं बालपण गेलं, पण गाडी चुकली नाही. मी हल्ली त्या कडीवर कुकरच्या शिट्ट्यांनंतरची मिनिटं मोजतो. शिवाय केमला न थांबता जाणाऱ्या गाड्या किती उशिरा न थांबता गेल्या, तेही.

आता जाडीचं. दर दहा मीटरला हवेच्या दाबाइतका दाब आणखी चढतो. म्हणून काच जाड, मागचं झाकण पेचाचं, मध्ये रबरी वायसर. काच जाड म्हणून पेटी जाड, पेटी जाड म्हणून वजन, आणि या सगळ्यापायी माझ्या बाहीचं बटण लागत नाही. वडिलांची एचएमटी 'जनता' बाहीखाली गुपचूप सरकायची. लग्नात लांबलेल्या भाषणाच्या वेळी चोरून बघता यायची. माझं घड्याळ मी बघितलं की अख्खा मांडव बघतो. पण 'जनता'ला रोज किल्ली द्यावी लागे, आणि अंघोळीआधी कोनाड्यात ठेवलेली ती अंघोळीनंतर घरभर शोधावी लागे.

आमचं गाव कुंकवाचं. कारखान्यात मित्राकडे तासभर बसून आलो, तर कडीच्या दात्यांत लाल रेघ. "अहो, घड्याळाची पूजा घातली की काय?" हिनं विचारलं. जुन्या टूथब्रशनं घासून काढलं. किल्ली सोडवून वेळ लावली, पण पुन्हा पिळायची राहिली, आणि तसाच हात बादलीत घातला. दोनशे मीटरचं घड्याळ वीतभर पाण्यात गेलं! काचेच्या आतून दव धरलं. वायसर बदलून आणली. दोष माझा होता. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

तरी ते हातावर आहे, याचं खरं कारण रात्रीचं आहे. अशा घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी, अशी अट आहे. अट पाणबुड्यांसाठी. पण शेतीची वीज रात्री दोनला येते, चष्मा सापडत नाही, आणि उशाशी ते जाड ठिपके हिरवे चमकत असतात. साठीनंतरचे डोळे आणि समुद्राचा तळ यांत फारसा फरक नसावा.

परवा बोअरच्या गाडीवरचा पोरगा बांधावर बसून ते न्याहाळत होता.

"नाना, दोनशे मीटर म्हंजी किती फूट?"

"साडेसहाशेच्या वर."

त्यानं रानातल्या आमच्या नव्या बोअरकडं पाहिलं. "तिथवर गेलोय की आपण. निस्ता फुफाटा निघाला."