ढोलाचा सातबारा

नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे. नाशिक व्हॅलीच्या वाइनला आहे, लासलगावच्या कांद्याला आहे, येवलेकरांच्या पैठणीलाही आहे. म्हणजे जे खाता येतं, पिता येतं, नेसता येतं, त्या सगळ्याचा उतारा आपल्या नावावर चढला. राहिला तो ढोल. आणि जगभर नाशिकचं नाव घेऊन वाजतो तो तोच.

केरळात जाऊन पाहा. निवडणुकीची मिरवणूक असो, फुटबॉलचा जल्लोष असो की देवळातला उत्सव, 'नासिक डोल'वाल्यांना सुपारी असतेच. वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी रामकुंड पाहिलं असेल, हे विचारू नये. गंमत अशी की पालक्काडच्या मद्दळम या वाद्याला भौगोलिक मानांकन आहे. त्यांनी स्वतःचं वाद्य नोंदवून घेतलं आणि आमचं बिननोंदीचं गळ्यात अडकवलं. साक्षरतेत केरळ पुढे आहे म्हणतात, ते उगीच नाही.

मग आपणही नोंदवू की! असं म्हणून बाह्या सरसावणाऱ्यांनी आधी १९९९ चा कायदा वाचावा. मानांकन मिळतं ते वस्तूला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये मिळालं, कारण सतार हातात धरून साहेबांच्या टेबलावर ठेवता येते. नाशिक ढोलाचं काय ठेवणार? पिंप? पान? पान तर हल्ली बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचं असतं, आणि ते कुठल्या कारखान्यातून येतं याची चौकशी न केलेली बरी. त्यात नाशिकचं जे काही आहे ते ठेक्यात आहे. ठेका टेबलावर ठेवता येत नाही.

कॉपीराइटच्या खिडकीवर गेलात तर तिथला कारकून वेगळा, पण मान तशीच हलते. ठेका कुणी बसवला? माहीत नाही. केव्हा? माहीत नाही. कुठे लिहून ठेवलाय? तालमीतल्या पोरांच्या मनगटात. पुढचा नंबर कोण?

हाच ठेका मात्र कुणीतरी स्टुडिओत माइक लावून टिपला की कायद्याला पाझर फुटतो. ध्वनिमुद्रणाला मालक मिळतो, आणि त्याचा हक्क ६० वर्षं टिकतो. मालक म्हणजे मुद्रण करवून घेणारा निर्माता बरं का. टिपरू हाणणारा नव्हे. त्या मुद्रणाचे मग तुकडे होतात, तुकड्यांना 'नाशिक ढोल लूप' असं नाव पडतं, ते डीजेच्या लॅपटॉपात आणि बेंजोवाल्याच्या पॅडमध्ये जातात. शेवटी भद्रकालीतल्या मंडळापुढे नाशिक ढोल वाजतो खरा, पण वाजवणारा माणूस एका बोटाने बटण दाबत असतो आणि दुसऱ्या हाताने वडापाव खात असतो.

वादकाला कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडलंय, असं म्हणून मी अन्याय करणार नाही. कॉपीराइट कायद्यात 'कलाकारा'ची व्याख्या आहे. तीत नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार आणि चक्क गारुडीही नाव घेऊन बसवलेला आहे. या सगळ्यांना आपल्या सादरीकरणावर हक्क आहे; २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचीही सोय झाली. तेव्हा विसर्जन मिरवणुकीत रविवार कारंज्यावर गर्दीने मोबाइल उंचावले, की पथकप्रमुखाने ढोल थांबवावेत आणि 'रील फक्त घरी बघणार की अपलोड करणार' हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावं. मिरवणूक दसऱ्यापर्यंत घाटावर पोचेल.

पथकाने स्वतःच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तर आणखी मजा. तिथलं यंत्र तिखट कानाचं. मागच्या मंडळाच्या डीजेवर चाललेलं सिनेमाचं गाणं ते दोन ढोलांच्या फटीतूनही ओळखू शकतं, आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळतात. पुढे छातीवर ढोल बांधून घामाघूम झालेली पोरं त्याच्या लेखी आवाजातला अडथळा.

वरातीची गोष्ट त्यातल्या त्यात बरी. लग्नाच्या वरातीत वाजलेल्या संगीताला कायद्याची सूट आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने तिची आठवण करून दिली. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्यावर परिपत्रक काढलं आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. या सगळ्या धावपळीत संगीत कंपन्या होत्या, हॉटेलवाले होते, सरकार होतं. ढोलवाला बाहेर उरलेल्या सुपारीच्या पैशांची वाट बघत होता.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं आली आहेत. 'नाशिक ढोल, जोशात, तीस सेकंद' एवढं लिहिलं की ढोल तयार. ना सराव, ना खांद्याला वळ. आशा भोसले यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या अशाच यंत्रांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम संरक्षण दिलं. आवाजाला नाव-आडनाव होतं म्हणून ते जमलं. ढोलाला नुसतं गाव आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्राच्या समितीने असंही सुचवलं, की अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडून रॉयल्टी घ्यावी आणि एका मध्यवर्ती संस्थेने ती हक्कदारांना वाटावी.

समजा, त्यातला नाशिकचा वाटा खरंच निघाला. महापालिका म्हणेल, ढोल आमच्या हद्दीत वाजतो. कुंभमेळ्याच्या निधीत वळवा, असा ठराव कुणीतरी मांडेल. ढोल आमच्याच तालमीत जन्मला असं सांगणारी पथकं रातोरात उगवतील. मग अर्ज निघेल : निर्मात्याचं नाव, निर्मितीचं वर्ष, मूळ ठेक्याची साक्षांकित प्रत आणि किमान एक शासकीय पुरावा.

हा शेवटचा कागद तेवढा अवघड नाही. मिरवणुकीच्या रात्री डेसिबल मीटर घेऊन बंदोबस्ताला उभे असलेले पोलीस तो ठेका तारीख-वेळेसकट टिपून घेतात. पथकाच्या नावासह नोंद तयार आहे, गुन्ह्याच्या रकान्यात.