कूलंट चिरायू होवो!

मुंबई इलाख्याचे १९०३ ते १९०७ या काळातले गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव हुबळीच्या रस्त्याने अजून बदललेले नाही. याच निष्ठेने कूलंट न बदलणारे मोटारमालक अभिनंदनास पात्र आहेत.

पुस्तिका म्हणते, अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते. लॅमिंग्टन रोडच्या कोंडीत तिसरा पर्याय सापडतो: बॉनेटमधून वाफ.

गंजरोधक रसायने झिजली तरी कूलंटचा रंग टिकतो. रंग आहे म्हणजे गुण आहेतच! पातळी उतरली की बोअरचे पाणी. त्यातले क्षार फुकट. पुढच्या टप्प्यात इंजिन ऑइलऐवजी गोडेतेल वापरून पाहावे.

शेवटी कूलंट बदलले जातेच. हेड गॅस्केटच्या बिलात ती सर्वांत छोटी रक्कम असते.