साहेब पाण्याखालून बोलतात

रेडिंग, इंग्लंड

ती. बाबा आणि ती. सौ. आई,


बाबा, मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, ‘अगं, तू ऑफिसात नेमकं करतेस तरी काय?’ आणि तेवढ्यात फोन तुटला. तेच करते. फोन तुटू देत नाही. तुमचा जन्म टेलिफोन खात्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्लंडने तांब्याच्या तारांवरची जुनी टेलिफोन यंत्रणा मोडीत काढायला घेतली आहे. आधी डिसेंबर २०२५ ची मुदत होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत ढकलली. मुदती ढकलण्यात आपलंच खातं पटाईत होतं असं नाही! तर आमच्या कंपनीनेही (आम्ही बाथरूमच्या फरशा विकतो) सगळे फोन कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर घेतले, आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला आमचे साहेब पाण्याखालून बोलायला लागले.

इंग्रज गिऱ्हाईक तक्रार करत नाही हो. ‘सॉरी, बहुधा माझ्याच फोनचा घोळ आहे’ म्हणतं आणि फरशी दुसरीकडून घेतं. आपल्याकडे निदान चार वेळा ‘हॅलो, हॅलो’ करून ‘ठेव, मी लावतो’ असा पुकारा तरी होतो.

साहेबांनी उपाय काढला: मोठी लाइन घ्या. घेतली. बिल वाढलं, पाणी तसंच. एका कॉलला साध्या पद्धतीने सेकंदाला जेमतेम ९० किलोबिट लागतात; वीस जण एकदम बोलले तरी दोन मेगाबिटांत भागतं. जागा होतीच. आवाजाला हवी असते वेळेवर पोच. आपलं बोलणं २०-२० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, सेकंदाला ५० तुकडे. साताऱ्याहून एस.टी. ठरल्या वेळी सुटतात, पण खंबाटकीला अडकल्या की स्वारगेटला तीन एकदम येतात आणि मग तासभर एकही नाही. तसं या तुकड्यांचं होतं. म्हणून पलीकडचा फोन ते क्षणभर धरून ठेवतो आणि सारख्या अंतराने कानात सोडतो. त्याहून उशिरा आलेला तुकडा सरळ फेकून देतो. पुन्हा मागवतही नाही, कारण ‘नमस्कार’मधला ‘स्का’ दोन वाक्यांनंतर येऊन करायचं काय?

चोर सापडला कॅटलॉगच्या खोलीत. ती मंडळी दिवसभर फरशांचे फोटो काढतात आणि घरी जायच्या आधी, म्हणजे चारला, सगळे एकदम इंटरनेटवर चढवतात. लाइनीची येती बाजू ऐसपैस आणि जाती बाजू अरुंद. मोठी घेतलेली लाइनसुद्धा येत्या बाजूनेच मोठी. मोडेमच्या पोटात फोटोंची रांग लागायची आणि तिच्या शेपटाला साहेबांचा आवाज. मजा अशी की साहेबांना गिऱ्हाईक खणखणीत ऐकू यायचं. त्यामुळे आवाज फुटतोय हे त्यांना पटेचना. शेवटी चार वाजता मी बाहेर जाऊन त्यांना माझ्या मोबाइलवरून फोन केला, रेकॉर्ड केला आणि त्यांचं त्यांना ऐकवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मी असा बोलतो?’

फोनना नेटवर्कमध्ये वेगळं घर करून दिलं. आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर ४६ आकड्याचा शिक्का असतो. शिक्का दिसला की आधी सोड, असं राउटरला बजावलं. खरी मेख पुढे आहे: राउटरला लाइनीच्या कुवतीपेक्षा थोडं कमीच पाठवायला लावलं. म्हणजे रांग लागलीच तर आपल्या दारात लागते, जिथे शिक्क्याला मान आहे. मोडेममध्ये तो कोणी वाचत नाही, आणि बाहेरच्या इंटरनेटवरही त्याला फारसं कोणी विचारत नाही. लगेच विक्री विभागाचे प्रमुख आले, ‘माझ्या ईमेललाही ४६ द्या.’ मग हिशेब विभाग. अहो, सगळेच पुढे म्हटल्यावर मागे कोण? कोणालाच दिला नाही. चहाच्या खोलीशेजारचे एक गृहस्थ वाय-फायवर बोलायचे आणि मायक्रोवेव्ह लागला की मुके व्हायचे, दोन्हींची लहर २.४ गिगाहर्ट्झची. त्यांना तार ओढून दिली.

बाबा, एका गोष्टीत मात्र तुमचं खातं अजून सरस. वीज गेली तरी तुमच्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्या ४८ व्होल्ट पाठवत राहायच्या आणि गावात अंधार असला तरी फोन चालू. आमच्या फोनलाही नेटवर्कच्या तारेतूनच वीज मिळते, तीही साधारण ४८ व्होल्टच! पण ती देणारा स्विच भिंतीतल्या प्लगवर चालतो, तो गेला की सगळे ठप्प. साहेबांकडून त्याला यूपीएस मंजूर करून घ्यायला आवाज दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आवाजाला इथे पाचपैकी गुण देतात. पूर्वी माणसं बसवून, ऐकवून द्यायचे, आता बहुतेक हिशेबाने निघतात. आमच्या फोनांच्या पद्धतीत सगळं जुळून आलं तरी ४.४ च्या आसपास गाडी थांबते. आई, तुम्ही माझ्या आमटीला याहून कमी देता, तेव्हा मी खूश आहे.

आता तुमच्याकडचं. मला माझाच आवाज परत ऐकू येतो तेव्हा दोष बहुतेक माझ्या टोकाला नसतो. तुमच्या स्पीकरचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरतो. तेव्हा आई, फोन कुकरशेजारी स्पीकरवर ठेवण्याऐवजी कानाला लावा. दुसरं म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघं एकदम बोलतात आणि एकदम थांबतात. तुमचं नि तुमच्या चिरंजीवांचं ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ चालतं ते प्रेमापोटी असेलही, पण थोडं त्यामुळेही.

आणि बाबा, ओरडू नका. ट्रंक कॉल कधीच बंद झाले. पुतण्याच्या बारशाला कोण आलं नाही हे आमच्या शेजारच्या आजींनाही कळलंय, आणि त्यांना मराठी येत नाही.

रविवारी साडेतीनला, तुमच्या रात्रीच्या जेवणानंतर, फोन करू. तेवढा अर्धा तास भाऊजींना लग्नाचे व्हिडिओ चढवायचे थांबवा.

आपली,
सूनबाई