एकास बहात्तर

मे महिन्यात नागपुरात चालू कूलर बंद करायची हिंमत दोघांतच असते: वीज कंपनीत आणि प्लास्टिकची विमानं जोडणाऱ्या भाऊंत. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून घरादारानं घाम पुसत बसायचं. कारण आत मिग-२१चा पंख वाळतो आहे.

प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानावरचा ४ मिलिमीटरचा रिव्हेट इथे ०.०६ मिलिमीटरही भरत नाही. भाऊ तो सुईनं टोचतात, भिंगातून मोजतात आणि एक कमी भरला की जेवत नाहीत. हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय याच शहरात, वायुसेनानगरात आहे. तिथे तरी माणसं वेळेवर जेवत असावीत. खऱ्या विमानाचा रंग उन्हानं फुकटात विटतो. भाऊ आधी कोरा रंग देतात, मग तो विटवण्यासाठी महागड्या बाटल्या आणतात.

मोजमापाचा हा सोस म्हणजे या शहराच्या पाण्याचाच गुण म्हणायचा. इथल्या झिरो माइलच्या दगडावरसुद्धा उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे, तीन दशांश स्थळांपर्यंत!

भाऊ, रिव्हेट मोजा, खुशाल मोजा. फक्त पुढचं विमान डिसेंबरात काढा.